मरीन लाइन्सची मैदाने कोणासाठी?

चर्चगेटहून सुटलेली लोकल मरीन लाइन्स मागे टाकून चर्नी रोडकडे निघाली की डाव्या खिडकीतून एकामागून एक मैदाने दिसतात. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, कॅथलिक जिमखाना, पोलीस जिमखाना. त्याआधी वानखेडे स्टेडियम आणि त्याच परिसरात हॉकीचे स्टेडियम व विद्यापीठाचे पॅव्हेलियन येऊन गेलेले असते. चर्चगेटच्या पलीकडे ब्रेबर्न, आणखी दक्षिणेला कूपरेज, पूर्वेला ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान. हे सगळे पायी फिरता येईल एवढ्या टापूत आहे आणि एका बाजूला समुद्र आहे. खेळासाठी राखलेली इतकी जमीन इतक्या दाटीने, तीही शहराच्या सर्वांत महागड्या भागात, देशात दुसरीकडे सापडणे अवघड. ज्या मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर भरते, तिच्यासाठी हा पट्टा अमोलच म्हणायला हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे: या पट्ट्यातली बहुतेक जमीन सार्वजनिक आहे, पण तिचा कारभार सार्वजनिक नाही. प्रत्येक कुंपणाचा मालक वेगळा आणि नियम वेगळे. संपूर्ण टापूकडे एक क्रीडाक्षेत्र म्हणून पाहणारे कोणीच नाही. ते व्हायला हवे. का आणि कसे, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. ही मैदाने भांडून मिळालेली आहेत

एकोणिसाव्या शतकात आजच्या आझाद मैदान-क्रॉस मैदान-ओव्हलच्या जागी एस्प्लनेड नावाचे एकच विस्तीर्ण मैदान होते. १८७५ साली तिथे बॉम्बे जिमखाना उभा राहिला, तो फक्त गोऱ्यांसाठी. उरलेल्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. तिथेच गोरे अधिकारी पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल याचा भरवसा राहिला नाही. देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी खेळाडूने हा लढा नेटाने चालवला. मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो मुलांचा खेळ मोडू नये, एवढीच मागणी होती.

पुढे शतकाच्या शेवटच्या दीड-दोन दशकांत रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्यामधल्या केनेडी सी फेसवर वेगवेगळ्या समाजांच्या जिमखान्यांना जागा मिळाल्या. पारशी जिमखाना १८८५चा, हिंदू जिमखाना १८९४चा. मरीन ड्राइव्हचा रस्ता तेव्हा नव्हता. त्याचे काम १९१५ साली सुरू झाले. तोवर जिमखान्याच्या पुढे थेट समुद्रच होता.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. या जमिनी कोणी बाजारभावाने विकत घेतलेल्या नाहीत. सामान्य खेळाडूंना खेळायला जागा नाही, या तक्रारीपोटी सरकारने त्या दिल्या, आणि आजही त्या सरकारी भाडेपट्ट्यावरच आहेत. वानखेडेची जागाही सरकारचीच. तेव्हा पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक मैदानाचा भाडेपट्टा, त्याची मुदत, भाडे आणि अटी हे सगळे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मराठीत, सहज वाचता येईल असे लावले जावे. मैदानाच्या फाटकावर त्याचा फलक असावा. जमीन आपली असेल तर ती कोणत्या अटींवर दिली आहे, हे आपल्याला कळलेच पाहिजे.

२. समाजाच्या नावाने मिळालेले मैदान सगळ्यांना उघडे हवे

धर्मावर आधारलेल्या जिमखान्यांतूनच मुंबईचे मोठे क्रिकेट उभे राहिले. १९०७ची तिरंगी, १९१२ची चौरंगी आणि १९३७पासूनची पंचरंगी स्पर्धा पाहायला हजारो लोक लोटत. संघ मात्र धर्मावरून पडत. गांधीजींनी या स्पर्धेविरुद्ध आपले मत उघडपणे सांगितले होते. १९४६ साली ती कायमची बंद झाली आणि ते योग्यच झाले.

त्याच इतिहासातले पळवणकर बाळूंचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना मैदानावर तो सगळ्यांबरोबर असे आणि चहाच्या सुट्टीत त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्याला संघात घेतले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही संघाचे नेतृत्व त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली.

म्हणजे दार किलकिले झाले की याच मैदानावर काय घडू शकते, आणि ते पूर्ण न उघडल्याने काय राहून जाते, या दोन्ही गोष्टी इथे घडून गेल्या आहेत. आज सदस्यत्वाची दारे जातीवर बंद नाहीत, पण पैशावर आहेत. गिरगाव, काळबादेवी, धोबी तलाव या भागांतली चाळीतली मुले मैदानापासून दहा मिनिटांवर राहतात आणि कुंपणाबाहेरून खेळ पाहतात. सदस्यांचे क्लबघर, त्यांचे उपाहारगृह, त्यांचे पत्त्यांचे दालन त्यांच्याकडे राहू द्या. मैदान मात्र रोज ठरावीक तास, समजा सकाळी सहा ते नऊ आणि शाळा सुटल्यावर दोन तास, परिसरातल्या महापालिका शाळांना आणि कोणत्याही क्लबात नसलेल्या मुलांना विनामूल्य मिळाले पाहिजे. ही अट भाडेपट्ट्यात लिहूनच घातली जावी. नुसत्या औदार्यावर सोडलेली गोष्ट वर्षभरही टिकत नाही.

३. लग्नाच्या मांडवाने मैदान मरते

मांडव उतरल्यानंतरच्या सकाळी यातले एखादे मैदान जरूर पाहा. ज्या हिरवळीवर काल गालिचे होते तिथे गवत पिवळे पडून चिकटून बसलेले असते. बांबूंचे खड्डे ओळीने दिसतात, त्यांत कोणी घाईने माती लोटलेली असते. पाय ठेवताना बघून ठेवावा लागतो, कारण खिळे, तारांचे तुकडे, सुतळ्या, फुलांच्या सजावटीतल्या टाचण्या गवतात राहिलेल्या असतात. माळी ओणवा होऊन त्या एकेक वेचतो. खेळपट्टीभोवती दोरी बांधून ती तेवढी वाचवलेली असते. पण क्रिकेट काही नुसते खेळपट्टीवर होत नाही. सीमारेषेजवळ झेप घेणाऱ्या पोराचा गुडघा त्या खिळ्यावर पडतो. जेवणाच्या तंबूखाली तेलकट पाणी मुरलेले असते, तिथे पुढे महिना-दीड महिना गवत धरत नाही.

लग्नाचा हंगाम आणि क्रिकेटचा हंगाम एकच, नोव्हेंबर ते मे. शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स शिल्डचे सामने याच दिवसांत असतात. मग पोरांचे सामने आझाद मैदानावर एकमेकांत घुसलेल्या खेळपट्ट्यांवर होतात. तिथे तुमच्या सामन्यातला पॉइंट हा शेजारच्या सामन्यातला लाँग ऑन असतो. याच आझाद मैदानावर १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, याचा आपल्याला अभिमान आहे. तो असावाच. पण गर्दीच्या मैदानावर अडचण सोसूनच मोठे खेळाडू घडतात, असे म्हणून समुद्रकाठची मैदाने मांडववाल्यांना देणे योग्य ठरत नाही. त्या गर्दीत किती मुलांचा खेळ सुटला, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

जिमखान्यांचे म्हणणे असते की मैदान राखायला खर्च येतो आणि तो समारंभांच्या भाड्यातून निघतो. खर्च येतो, हे खरे. माळ्यांचे पगार, पाणी, रोलर, माती, सगळ्याला पैसा लागतो. पण मग हिशेब समोर ठेवा. समारंभातून किती आले आणि मैदानावर किती गेले, हे दरवर्षी जाहीर करा. कमी पडत असेल तर सरकारने आणि महापालिकेने मैदानाच्या देखभालीपुरते थेट अनुदान द्यावे आणि त्या बदल्यात खेळाच्या हंगामात मांडव पूर्ण बंद करावा. क्लबघराच्या सभागृहात समारंभ खुशाल होऊ देत. गवतावर नकोत.

४. दोन स्टेडियम आणि वर्षभर बंद फाटके

ब्रेबर्न स्टेडियम १९३७ साली बॅकबेच्या भराव जमिनीवर उभे राहिले. वानखेडे १९७५चे. तिकिटे आणि जागांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचे बिनसले, आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम वर्षभराच्या आसपास बांधून झाले. वास्तुरचनाकार शशी प्रभू. पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. २ एप्रिल २०११चा धोनीचा षटकार इथलाच आणि नोव्हेंबर २०१३मधला सचिनचा निरोपही इथलाच.

एवढ्या आठवणी असलेल्या वास्तूत सामान्य मुंबईकर वर्षातून किती वेळा पाय ठेवतो? आयपीएलचे तिकीट परवडले तर एकदा. आंतरराष्ट्रीय सामन्याचे तिकीट मिळणे तर नशिबाचाच भाग. तेंडुलकरांचा पुतळा २०२३ साली आत बसवला गेला, तोही पाहायला फाटकाच्या आत जावे लागते. रणजीच्या सामन्याला स्टँड रिकामे असतात आणि मुंबईतल्या हजारो शाळांतली मुले त्या वेळी वर्गात क्रीडा तासाला वही भरत असतात. रणजीच्या प्रत्येक घरच्या सामन्याला शाळांना बोलवा. खेळ नसेल त्या दिवशी माफक शुल्कात स्टेडियम दाखवण्याची सोय ठेवा, मराठीतून माहिती सांगणारा माणूस ठेवा. गावाकडून आलेला पाहुणा गेटवे पाहतो, चौपाटी पाहतो. त्याला वानखेडेही पाहायचे असते, पण तो रस्त्यावरून दिव्याच्या मनोऱ्यांचे फोटो काढून परततो.

इथे मुलींचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. २०१३ साली महिलांच्या विश्वचषकाचे सामने वानखेडेवर ठरले होते. तेवढ्यात मुंबई रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि महिलांना तिथून हलवले गेले. विश्वचषकाला जागा बदलायला लावणारा तो निर्णय मला अजून बोचतो. पुढे चित्र पालटले. डिसेंबर २०२३मध्ये याच वानखेडेवर भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदाच हरवले, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषक जिंकला. आता मुली किटबॅग पाठीला लावून विरार-कल्याणहून येणार, येतही आहेत. जिमखान्यांच्या मैदानांवर मुलींच्या सामन्यांसाठी आठवड्यातला निदान एक दिवस राखून ठेवायला कोणाची हरकत असावी?

५. स्वच्छतागृह आणि पाणी

हा मुद्दा छोटा आहे, पण मला विचाराल तर पहिल्याच महिन्यात करण्यासारखा. ओव्हल, क्रॉस, आझाद या मैदानांवर दिवसभर सामना खेळणाऱ्या मुलीने जायचे कुठे? बहुतेकदा स्टेशन गाठावे लागते, म्हणजे सामना सोडून रस्ता ओलांडणे आले. मग मुली पाणीच कमी पितात. मे महिन्याच्या उन्हात पाणी न पिता क्षेत्ररक्षण करणे म्हणजे आजाराला आमंत्रण. प्रत्येक मैदानाच्या कडेला स्वच्छ, दिवाबत्तीचे, राखणदार असलेले स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ एवढे महापालिकेने द्यावे. वारसा परिसर असल्याने बांधकामाला अडचण येते म्हणावे, तर नीट रचना करून परवानगी घेता येते. अडचण परवानगीपेक्षा इच्छेची आहे.

६. जल्लोषाच्या दिवसाची आखणी आधीच करा

४ जुलै २०२४. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मिरवणूक नरिमन पॉइंटहून वानखेडेपर्यंत निघाली. मरीन ड्राइव्हवर लाखो लोक आले. वानखेडेत प्रवेश विनामूल्य, त्यामुळे स्टेडियम भरले, दारे बंद झाली आणि बाहेर राहिलेली गर्दी समुद्र आणि इमारती यांच्यामध्ये अडकली. बस ठरल्या वेळेपेक्षा उशिरा निघाली. काही जणांना गुदमरून, चेंगरून रुग्णालयात न्यावे लागले. गर्दी ओसरल्यावर रस्त्यावर चपलाबुटांचे ढीग उरले होते. पायातली चप्पल सुटली तरी वाकून ती उचलता येत नाही इतकी दाटी झाली, की माणसाचा जीवही तिथे सुरक्षित राहत नाही.

त्या दिवशी आपण बचावलो. अकराच महिन्यांनी, ४ जून २०२५ रोजी, बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अशाच स्वागताच्या गर्दीत अकरा जणांचे प्राण गेले. मरीन ड्राइव्हची रचना तर आणखी अवघड आहे: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सलग इमारती आणि त्यामागे रेल्वेचे रूळ. गर्दीला आत यायला वाटा थोड्या आणि बाहेर पडायला त्याच.

त्यामुळे विजयाची मिरवणूक इथे काढायचीच असेल तर आखणी महिनोन्‌महिने आधी तयार हवी. किती माणसे झाल्यावर चर्चगेट आणि मरीन लाइन्स स्थानकांवरून पुढे सोडायचे नाही, मेट्रोचे चर्चगेट स्थानक कधी बंद करायचे, रुग्णवाहिकेची मोकळी मार्गिका कुठली, उशीर झाला तर गर्दीला कोण आणि कसे सांगणार, हे सगळे कागदावर आणि जाहीर असावे. मोफत प्रवेश असेल तर तो आगाऊ नोंदणीने, अन्यथा नको. मैदाने हीच तर मोकळ्या जागा आहेत. अशा दिवशी जिमखान्यांची फाटके उघडून गर्दी आत घेता आली पाहिजे. आज तसे बंधन कोणावर नाही.

७. तारापोरवाला मत्स्यालय आणि बाकीच्या खुणा

चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. मुंबईतल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत तिथे पहिल्यांदा समुद्राच्या आतले जग पाहिले. २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले, आणि करोनाच्या काळात ते बंद पडले ते पडलेच. समुद्राकाठच्या या शहरात मुलांना मासे दाखवायला सरकारी मत्स्यालय नसावे, ही खरोखर दुःखाची बाब आहे. नवी इमारत कधी होणार, किती मजली, तिकीट किती, तारीख कोणती, हे सरकारने एकदा नेमके सांगावे. आणि मत्स्यालयाच्या नावाखाली तिथे उपाहारगृहांचे संकुल उभे राहणार नाही, याचीही हमी द्यावी.

ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. पण या टापूतून चालणाऱ्याला बाळू कोण, १९३३ साली भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली, तिथे लाला अमरनाथांनी शतक ठोकले, चौपाटीवर लोकमान्यांचा अंत्यविधी झाला, यातले फारसे काही दिसत नाही. नीट लिहिलेले मराठी फलक, एवढे तरी व्हावे.

८. किनारी रस्त्यालगतची नवी जमीन

मरीन ड्राइव्हहून बोगद्याने प्रियदर्शिनी पार्कला निघणारा आणि पुढे वरळीकडे जाणारा किनारी रस्ता २०२४पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्यासाठी घातलेल्या भरावावर कित्येक हेक्टर मोकळी जागा शहराला नव्याने मिळाली आहे. समुद्राकडून पुन्हा जमीन आली आहे, आणि ती कशी वापरायची हे अजून आपल्या हातात आहे.

तिथे मोठी बांधकामे नियमात बसत नाहीत, आणि बसूही नयेत. पण खेळायला बांधकाम लागत नाही. सपाट जमीन, गवत, जाळी, पाण्याचा नळ एवढ्यात फुटबॉलचे, कबड्डीचे, खो-खोचे मैदान होते. क्रिकेटला आधीच बरेच मिळाले आहे. इथे प्राधान्य कबड्डी आणि खो-खोला मिळावे, कारण गिरणगावातल्या ज्या मैदानांवर हे खेळ वाढले ती टॉवरखाली गेली आहेत. नुसत्या शोभेच्या बागा आणि फोटोसाठीचे चौथरे करून ही जागा संपवली, तर पुढच्या पिढीला काय उत्तर द्यायचे? जिमखान्यांच्या बाबतीत झाले तसे इथे कोणा एका संस्थेला भाडेपट्टा न देता महापालिकेनेच ही मैदाने चालवावीत आणि दुपारी-संध्याकाळी ती कोणालाही खुली असावीत.

९. पहिले पाऊल वाचकाच्या हातात आहे

या सगळ्याची सुरुवात कोणा मंत्र्याच्या घोषणेने होणार नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५पासून आपल्याकडे आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये. तुमच्या घराजवळचे किंवा तुमच्या मुलाच्या सामन्याचे मैदान निवडा आणि मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तीन गोष्टी लेखी मागा: त्या मैदानाच्या भाडेपट्ट्याची प्रत, गेल्या तीन वर्षांत तिथे समारंभांना दिलेल्या परवानग्या, आणि मैदान सर्वसामान्यांना खुले ठेवण्याबाबतची अट असल्यास तिचा मजकूर. उत्तर मिळाले की ते तुमच्या नगरसेवकाला, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या क्रीडा मंडळाला दाखवा. शाळांच्या शिल्ड स्पर्धा सुरू होण्याआधी हे अर्ज गेले, तर या हंगामातच फरक पडू शकेल. अर्ज एकट्याने करू नका, मंडळातले चार जण मिळून करा.